बाईंना विचारा : एक्कावन्नातले सतरा

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं निघाली, दोन दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवसाबद्दल आणि एक दुसरीच्या जागी येणाऱ्या बाईबद्दल. एक धरणगावाकडून, एक शहाद्याकडून, एक पारोळ्याकडून. तिघांची एकमेकांशी ओळख असण्याचं कारण नाही, पण पत्रं शेजारी शेजारी ठेवली तर एकाच वर्गातल्या तीन बाकांवरून आल्यासारखी वाटतात. म्हणून बाकीचं टपाल पुढच्या महिन्यावर ढकललं आहे. गुडघेदुखीवाल्या काकूंनी रागावू नये. तसंही मी भूगोलाची बाई, गुडघ्यातलं मला फार कळत नाही.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे. सहामाही परीक्षा झाली होती. सुट्टीच्या आदल्या दिवशी वर्गात आठ-दहाच मुलं येतात, सर नसतात, पोरांना नुसतं बसवून ठेवतात. म्हणून आम्ही त्याला दोन दिवस आधीच मामाकडे पाठवलं. वर्गशिक्षिकेने गैरहजेरी मांडली. हे योग्य आहे का?

योग्य आहे, भाऊ. पोरगा वर्गात नव्हता तर त्या बिचारीने काय मांडावं? पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ दिवसांच्या वर जाऊ नयेत, हा आपल्याकडचा दंडक. सुट्टीचा आदला दिवस या हिशेबात शाळेचा म्हणूनच धरलेला असतो. मामाचं गाव एका दिवसात कुठे पळून जात नाही.

पण ‘नुसतं बसवून ठेवतात’ हे तुमचं वाक्य मी खोडणार नाही. बसवून ठेवणाऱ्या बाजूनेच पुढचं पत्र आलं आहे, ते वाचा.

प्रश्न : बाई, मी एम.एस्सी. बी.एड., परीक्षा देऊन शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेली. शहादा तालुक्यातल्या एका शाळेत जुलैपासून एका आजारी सरांच्या जागी तासिकेवर विज्ञान शिकवते, नववी-दहावीला. सुट्टीच्या आदल्या दिवशी तीन शिक्षक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले होते, दोघे रजेवर. शाळा भरते न भरते तोच शिपाईमामा बदली तासिकांची वही घेऊन आले : सातवी ब, लागोपाठ चार तासिका. तो माझा वर्गच नाही. पटावर एक्कावन्न, समोर सतरा. मुलं म्हणाली, ‘मॅडम, आज शिकाडू नका.’ मी अंताक्षरी लावली. दोन तासिका मजेत गेल्या. तिसरीत दोन मुलांची जुंपली, एकाचा शर्ट फाटला, आणि नेमके तेव्हाच पर्यवेक्षक सर दारात उभे. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘मॅडम, वर्ग आहे की गुरांचा बाजार?’ पोरं हसली. चौथी तासिका कशी काढली ते माझं मला माहीत. माझं काय चुकलं? पुढचा धडा घ्यायला हवा होता का?

तुला अगं-तुगं करते, राग मानू नकोस. माझी धाकटी तुझ्याच वयाची असेल.

आधी गुरांच्या बाजाराचं उरकून टाकू. माझे वडील बैल घ्यायला जायचे तेव्हा मला सोबत न्यायचे. बाजारात सौदा व्हायचा तो रुमालाखाली, बोटांवर. घेणारा आणि देणारा एकमेकांची बोटं दाबत, शेजारच्याला भाव कळत नसे, आवाज चढत नसे. तेव्हा सरांनी दिलेली उपमा बाजारावर अन्याय करणारी आहे. त्यांना बोलायचं होतं तर शिक्षकखोलीत बोलता आलं असतं, तेही रुमालाखालीच. परगावची, तासिकेवरची, अजून निम्म्या शाळेला नाव ठाऊक नसलेली बाई. वर्गासमोर तिचा भाव पाडला तर तिने पुढची तासिका कशाच्या जोरावर घ्यावी? हे त्यांना सांगणारं शाळेत कुणी नसेल तर हा अंक त्यांच्या टेबलावर विसरून ये.

निवडणुकीच्या कामाबद्दल कुरकुर करू नकोस, त्याचा उपयोग नाही. शिक्षकांना शिकवण्याखेरीज दुसरी कामं देऊ नयेत, असं कायद्याचं २७वं कलम म्हणतं, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन दारं त्याच कलमात उघडी ठेवलेली आहेत. ती वही घेऊन शिपाईमामा पुन्हा येणार आहेत, हे धरून चाल.

पुढचा धडा घ्यायला हवा होता का? मुळीच नाही. चौतीस पोरं घरी असताना धडा पुढे नेलास, तर सुट्टीनंतर त्या विषयाच्या सरांना तो पहिल्यापासून घ्यावा लागेल. तेव्हा हीच सतरा जणं तोच धडा दुसऱ्यांदा ऐकत जांभया देतील. शाळेत आल्याबद्दलची शिक्षा! अंताक्षरी लावलीस त्यातही पाप नाही. पण पस्तीस मिनिटांच्या चार तासिका म्हणजे दोन तास वीस मिनिटं. एवढा वेळ आमच्याकडे हळदीच्या रात्रीसुद्धा सलग गाणी चालत नाहीत, मध्ये कुणीतरी रुसतंच.

तुझं चुकलं ते अंताक्षरीच्या आधी. पत्र पुन्हा वाच. पटावर एक्कावन्न, समोर सतरा, हे तू लिहिलंस. ते सतरा कोण, हे कुठेच नाही. ज्यांची मारामारी झाली ती ‘दोन मुलं’ आहेत. शर्ट फाटला तो ‘एकाचा’. तू डोकी मोजलीस, नावं घेतली नाहीस.

हे मी तुला ऐकवू शकते, कारण हीच चूक मी करून बसले आहे.

१९८७ साल. मीही तुझ्यासारखीच, रजेच्या जागेवर, तुझ्याच तालुक्याच्या अंगाला. दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी मला सहावीचा वर्ग दिला. अकरा पोरं. मी तुझ्यापेक्षा भित्री होते, त्यामुळे अंताक्षरी वगैरे सुचण्याचा प्रश्नच नव्हता. मी फळ्यावर गोल काढला आणि अक्षांश-रेखांश सुरू केले. कॅटलॉग वर्गशिक्षकांच्या कपाटात कुलपात होता, म्हणून हजेरी घेतली नाही. कागदाच्या चिटोऱ्यावर ‘११’ लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी सारखी खिडकीबाहेर बघत होती. मी दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा उभं केलं. उरलेली तासिका ती उभीच. शाळा सुटल्यावर सगळी पळाली, ही टेबलाजवळ आली आणि पाच-सहा पुस्तकं माझ्यापुढे ठेवली. पुस्तक पेढीची होती, आतल्या पानावर शाळेचा शिक्का.

‘बाई, हाई तुमनाजोडे ठेवा.’

‘का गं? सुट्टीत अभ्यास नाही करायचा?’

‘उद्या गाडी भरनी शे. बारडोली.’

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. शिपाईमामांनी समजावलं. मुकादमाकडून उचल घेतली होती, दिवाळीच्या तोंडावर टोळी उसाला निघणार होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, धाकटी भावंडं सांभाळायला ही. आपल्या भागातून दक्षिण गुजरातेत ऊस तोडायला जाणं ही जुनी वहिवाट आहे. दिवाळीनंतर गळीत सुरू होतं, ते उन्हाळा लागेपर्यंत चालतं. म्हणजे तुमची-आमची सुट्टी पंधरा-वीस दिवसांची, तिची पाच महिन्यांची. पुस्तकं हरवली तर दंड बसेल म्हणून ती मुद्दाम शाळेत आली होती. सगळी पुस्तकं परत करायला. आणि मी तिला अर्धा तास उभं केलं.

परत आली की नाही, मला माहीत नाही. मी बदलीवर, डिसेंबरात मूळचे सर रुजू झाले आणि मी सुटले. तिचं नाव सांगता येत नाही. विसरले असते तरी चाललं असतं. मी ते विचारलंच नव्हतं.

तर पोरी, सुट्टीच्या आदल्या दिवशी येणारी पोरं ही उरलेली पोरं नसतात. ज्यांना मामा आहे, ज्यांचं गाडीचं आरक्षण आहे, ती गेलेली असतात. ज्यांच्या वावरात कापूस फुटला आहे ती वेचणीला असतात. जी येतात त्यांना शाळेत येण्यासाठी काहीतरी कारण असतं. कुणाला खिचडी. कुणाच्या घरी दिवसभर कुणी नसतं. कुणाला पुस्तकं परत करायची असतात. ते कारण ओळखायला तुला ओळखपाळख नसली तरी चालतं, उलट नसलेलीच बरी. माय मरो पण मावशी जगो म्हणतात ना, बदलीवरची बाई म्हणजे वर्गाची मावशी. वर्गशिक्षकांना जे सांगायला पोरगं घाबरतं, ते तुला सांगेल, कारण उद्या तू तिथे नसशील.

पहिली तासिका नावांची. कॅटलॉग मिळाला नाही तर कोऱ्या कागदावर. नाव, गाव, शाळेत कशाने आलास, सुट्टीत कुठे जाणार. सतरा पोरांना पस्तीस मिनिटं पुरत नाहीत, करून बघ. ‘कुठे जाणार’ला कुणी कारखान्याचं नाव घेतलं, किंवा नुसतं ‘मायबापसोबत’ म्हणालं, की त्या नावापुढे खूण कर आणि त्याच दिवशी कागद मुख्याध्यापकांच्या हातात दे. अशा मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक असतं. ते सोबत नेलं की दुसऱ्या गावच्या शाळेला कळतं, पोर कुठवर शिकलं आहे. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही कायद्यात आहे. गुजरातेत गेल्यावर वर्गात गुजराती चालणार, तिथे आपलं पत्रक किती पुरणार, ही अडचण खरी आहे. म्हणून हंगामी वसतिगृहाचीही चौकशी कर. पोर आजीजवळ गावातच राहतं, जेवणाची सोय होते. ही यादी सुट्टीआधी व्हायला हवी. सुट्टीनंतर केली तर यादीतली पोरं तोवर उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत असतात.

दुसरी तासिका तांदळाची. शाळेच्या खिचडीसाठी सातवीला माणशी १५० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. एक्कावन्न पोरांना किती, सतरांना किती? साडेसात किलोच्या वर आणि अडीच किलोच्या वर. सतरा म्हणजे एक्कावन्नाचा बरोबर तिसरा हिस्सा, अपूर्णांक आयता चालून आला आहे. दोघांना स्वयंपाकीण मावशींकडे पाठव, आज खरंच किती शिजवला ते विचारून या म्हणावं. आकडे जुळतील की नाही, मी काही बोलत नाही. कापसाचंही असंच. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. किलोला किती? माय दिवसाला चाळीस किलो वेचते, वेचणीचे किलोला दहा रुपये मिळतात असं धरलं तर मजुरी किती, आणि भावातला कितवा हिस्सा? पोरं तुला मध्येच अडवतील, ‘मॅडम, गावात गाडी घेऊन येतो तो व्यापारी एवढा भाव कुठे देस?’ अडवू दे. त्या वर्गातला शहाणा तू नाहीस, हे दुसऱ्या तासिकेत कळलेलं बरं. तुलाही आणि त्यांनाही.

तिसरी तासिका मात्र बाहेर. भूक लागलेली असते, मारामाऱ्या याच वेळी होतात. तुझ्या वर्गातली झाली तीही तिसरीतच. खेळाच्या शिक्षकांकडून मैदान आखायची फक्की माग. नाहीच मिळाली तर चुलीतली राख. पटांगणावर पूर्व-पश्चिम एक लांब वाकडी रेघ ओढ : तापी. एका टोकाला मुलताई, म्हणजे मूळ तापी, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात. दुसऱ्या टोकाला सुरत आणि समुद्र. मध्ये ७२४ किलोमीटर. आता प्रत्येकाला एक नदी वाटून दे. दक्षिणेकडून येणाऱ्या पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई. उत्तरेकडून सातपुड्यातून उतरणाऱ्या अनेर, अरुणावती आणि तुमची गोमाई. पोरांनी आपापल्या नदीच्या रेघेवरून चालत येऊन तापीला मिळायचं, आणि मिळालेल्या सगळ्यांनी हात धरून पश्चिमेला निघायचं. पूर्णा चांगदेवला मिळते. गोमाई प्रकाशाला. बोरीवाल्याने वाटेत अमळनेर ओरडायचं, पांझरावाल्याने धुळे. उरलेल्या पोरांना भुसावळ कर, उकाईचं धरण कर. धरण झालेल्या पोराने सगळ्यांना अडवायचं असतं, त्या जागेसाठी भांडण होतं, म्हणून चिठ्ठी टाक. वर्गात भांडलेल्या दोघांना पांझरा आणि बोरी कर. मधलं अंतर राहतं आणि पुढे जाऊन हात धरावाच लागतो.

मग विचार, गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात, तर आपली तापी पश्चिमेला का? खचदरीचं उत्तर पुस्तकात आहे, ते नंतर सांग, आधी त्यांची उत्तरं ऐक. मला एकदा एक पोरगा म्हणाला होता, ‘तिकडे काम मिळस, म्हणून.’ त्याचा बाप सुरतेला होता. मी खचदरी त्या दिवशी सांगितलीच नाही. आपल्याकडची माणसं तापी जिकडे जाते तिकडेच जात आली आहेत. सुरत-भुसावळ रेल्वे त्याच खोऱ्यातून जाते. १९८७ साली मला हे सुचलं असतं तर त्या मुलीला फळ्यावरच्या गोलाऐवजी तिचा रस्ता दाखवता आला असता. शहादा आणि बारडोली साधारण एकाच अक्षांशाजवळ आहेत, एकवीस अंशांच्या आसपास. माझा धडासुद्धा झाला असता.

हा खेळ मी पुढे तीस वर्षं खेळले. बदली तासिकांची वही आली की बाकीच्या तोंड वाकडं करायच्या, मी फक्की शोधायला लागायची. एक सांगते, पहिल्या वर्षी पोरांनी गिरणा उत्तरेकडून आणली आणि मुख्याध्यापक गच्चीवरून बघत होते. तेव्हा आधी नकाशा एकदा डोळ्यांखालून घाल.

चौथ्या तासिकेचं मी काही ठरवून देत नाही. तोवर खिचडी होते, पोरं सुस्तावतात. कुणी झोपलं तर झोपू दे. तुला हवी तर तेव्हा अंताक्षरी लाव. पर्यवेक्षक सर दारात आले तर त्यांना ‘म’ दे.

फाटलेल्या शर्टाचं राहिलं. सुट्टीनंतर शाळा उघडली की त्या मुलाचं नाव विचार, शर्ट शिवला का ते विचार. दिवाळीत नवा आला असेल तर ठीकच, नसेल आला तर सुई-दोरा तुझ्या पर्समध्ये असू दे.

प्रश्न : मी प्राथमिक शिक्षिका. लवकरच १८० दिवसांच्या प्रसूती रजेवर जाते आहे. माझ्या जागी येणाऱ्या मॅडमसाठी वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण वही, सगळं व्यवस्थित तयार ठेवलं आहे. आणखी काही ठेवायला हवं का?

आधी तुझं अभिनंदन, आणि सातव्या महिन्यानंतर एसटीने जाणं-येणं बंद कर. (हे गुडघ्यांपेक्षा मला जास्त कळतं, मला तीन आहेत.)

नियोजन साहेबांच्या तपासणीसाठी छान आहे. येणाऱ्या मॅडमला पहिल्या दिवशी त्याचा उपयोग शून्य. तिला हवा असतो एक चिटोरा. कुणाला फिट येते, कुणाचा चष्मा घरी राहतो, कोणत्या दोघांना एका बाकावर बसवायचं नाही, कुणाच्या घरी कुणाचं नाव काढायचं नाही. हे टाचण वहीत लिहिता येत नाही आणि लिहूही नये. हाताने लिही आणि कॅटलॉगमध्ये ठेव. कॅटलॉग कुलपात ठेवू नकोस, त्याने काय होतं ते वर सांगून झालं आहे.

अशी चिठ्ठी मला नोकरीत एकदाच मिळाली, १९९१ साली, पाचवीच्या वर्गात. त्या बाई बाळंतपणाला माहेरी गेल्या होत्या, मी त्यांना कधी पाहिलं नाही. चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. मुलांची नावं गाळून जशीच्या तशी देते, तुला नमुना म्हणून :

‘खिडकीजवळच्या मुलीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोला. दुसऱ्या रांगेतला सगळ्यात लहान दिसतो तो सगळ्यात मोठा आहे, त्याला वय विचारू नका. दोघी बहिणींना एकच कंपास आहे, भूमितीच्या तासाला लांब बसवू नका. सोमवारी बाजार, तीन जण उशिरा येतील, रागावू नका, माल उतरवून येतात. मागच्या बाकावरचा बोलत नाही. पाढे मात्र सगळे येतात, कानात म्हणतो. खडू माझ्या कपाटात, किल्ली शिपाईमामांकडे.’